साक्षीला आलेला गणपती

पारनाक्यावरच्या त्र्यंबक कर्णिक मास्तरांचा हात म्हणजे कल्याणात कौतुकानं बोलायची गोष्ट होती. शाळेत ते चित्रकला शिकवायचे. फळ्यावर खडू टेकवला की तो न उचलता मोर पुरा करायचे, आणि तो मोर पुढच्या तासाला पुसायला मुलं तयार नसायची, म्हणून गणिताचे मास्तर त्यांच्यावर डूख धरून असायचे. गणपतीचे पडदे, दुकानांच्या पाट्या, मुंजीच्या मांडवातली कमान, कुणी काही सांगितलं तरी मास्तर नाही म्हणत नसत. कौतुक झालं की ऐकू न आल्यासारखं करायचे. म्हणजे समोरच्याला ते पुन्हा करावं लागायचं.

त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात ते मुरबाड रस्त्यानं टांग्यातून घरी येत होते. समोरून विटांनी भरलेला ट्रक आला. आपली बाजू सोडून तो पार या अंगाला घुसला आणि टांग्याला घासून पुढे गेला. मास्तरांचा उजवा हात टांग्याच्या कठड्यावर होता, तो मध्ये चिरडला. हाडं जुळली, जखमा भरल्या, बोटंही दिसायला जागच्या जागी राहिली. पण आतली नस तुटली होती. पेन्सिल धरायला गेलं की ती गळून पडायची. शाळेनं त्यांना वाचनालयात बसवलं, पगार कापला आणि वर उपकार केल्याची भाषा केली.

मास्तरांनी ऐन उकाड्यात कोट घालायला सुरुवात केली. उजवा हात कोटाच्या खिशात गेला, तो तिथंच राहायला लागला.

त्यांचा जुना विद्यार्थी प्रभाकर टिपणीस ठाण्याला वकिली करायचा. तो आपण होऊन घरी आला. मास्तर खुर्चीत, त्यांची पत्नी सुमतीबाई स्वयंपाकघराच्या दारात, आणि प्रभाकर जमिनीवर सतरंजीवर, कारण मास्तरांसमोर खुर्चीत बसायला तो अजून धजत नव्हता.

"मास्तर, विमा उतरवल्याशिवाय ट्रक रस्त्यावर आणता येत नाही, असा कायदा आहे," तो म्हणाला. "भरपाई विमा कंपनी देते. चूक ट्रकवाल्याची आहे, आणि ज्या हातावर तुमचं घर चालायचं तो हात गेलाय. वर्षाच्या आत दावा लावला पाहिजे, एवढंच."

"म्हणजे हात पुढे करून पैसे मागायचे," मास्तर म्हणाले.

"देवळाबाहेर बसायला नाही सांगत तो तुम्हाला," सुमतीबाई दारातून म्हणाल्या. "तुमचं होतं ते गेलं, ते भरून द्या म्हणायचंय. त्यात लाजायचं काय?"

दावा लागला. पण मास्तर ठाण्याला कोर्टात जायचे ते चोरीला निघाल्यासारखे. स्टेशनावर कुणी भेटलं आणि 'मास्तर, कुठे?' विचारलं, तर सांगायचे, रंग आणायला.

आता या माणसानं कुणाचं काही वाईट केलं होतं का? नाही. वाईट त्यांचंच झालं होतं. तरी लाज त्यांनाच वाटत होती. आपल्याकडे पांढरपेशा घरांत ही एक तऱ्हाच आहे. दुसऱ्यानं आपल्याला धक्का मारून चिखलात पाडलं, तर आधी आपणच इकडे तिकडे बघतो, कुणी पाहिलं तर नाही ना?

दावा चालू असतानाच मुलीला, उत्तराला, स्थळ आलं. ठाण्यातल्या चरईतले विश्रामराव गुप्ते, पोस्टातून पेन्शनीत निघालेले. मुलगा बँकेत, घर स्वतःचं, माणसं मोकळी. मास्तरांच्या मनानं मात्र घेतलं, की बापाचा हात गेलेला, पगार कापलेला, वर कोर्टकचेरी, अशा घरची मुलगी कोण करून घेणार? असं त्यांना कुणी म्हणालं नव्हतं. तरी मध्यस्थाला त्यांनी सांगून ठेवलं, अपघात झाला होता खरा, पण हात आता झकास आहे. दावा आहे तो नुसता दवाखान्याच्या खर्चाचा.

बोलणी करायला चरईत जेवायचं आमंत्रण आलं. पानात वालाचं बिरडं, पापलेटाचं कालवण, आणि पंगतीत बसायचं म्हणजे उजव्या हातानं जेवायचं. घरी मास्तर डाव्या हातानं, मुलांकडे पाठ करून जेवत. चार परक्या माणसांत डावा हात पानात घालणं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. त्यांनी ठोकून दिलं, "माझा रविवारचा उपास असतो. पाणीसुद्धा घेत नाही." विश्रामराव हळहळले, आणि त्या माणसाच्या मनात मास्तरांबद्दल आदर दुणावला.

लग्न ठरलं. निघताना विश्रामराव म्हणाले, "व्याही, आमची एकच मागणी आहे. तुमच्या हातचा एक गणपती द्या. दिवाणखान्यात लावायचाय."

"देईन की," मास्तर म्हणाले.

नाही म्हणायची सवयच नव्हती, त्याचा हा परिणाम. घरी आल्यावर त्यांनी उत्तराला कागद आणि रंग काढायला सांगितलं. पोरगी बापाच्या शेजारी बसून शिकलेली, तिच्या बोटांत त्यांचंच वळण उतरलेलं. मास्तर जवळ बसून सांगत होते, सोंड जरा डावीकडे घे, कान मोठे कर. ती काढत होती. गणपती असा उतरला की मास्तरांनी स्वतः काढला असता तरी याहून सरस झाला नसता.

"खाली माझी सही कर," ते म्हणाले.

उत्तरानं कुंचला थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. मग 'त्र्यं. कर्णिक' असं त्यांच्या झोकात लिहिलं.

"हे बरं नाही हो," सुमतीबाई म्हणाल्या.

"एवढं लग्न पार पडू दे," मास्तर म्हणाले.

विश्रामरावांनी गणपती दिवाणखान्यात लावला आणि येईल त्याला दाखवायचा सपाटा लावला. "हातावरून ट्रक गेला, पण कला गेली नाही. बघा, अपघातानंतरचं चित्र आहे." विमा कंपनीचा वकील त्यांच्याच आळीत राहायचा. तोही एकदा चहाला आला आणि चित्र पाहून गेला.

पुढच्या तारखेला मास्तर कोर्टात शिरले तो बाकावर विश्रामराव बसलेले, मांडीवर कापडात गुंडाळलेली चौकट. त्यांना समन्स गेलं होतं. व्याह्यांच्या कलेची साक्ष द्यायची आहे असं समजून ते इस्त्रीचा कोट घालून, खुशीत आले होते. मास्तरांना पाहून त्यांनी हात हलवला. उत्तरा बापाला सोबत म्हणून आली होती, ती भिंतीला टेकून उभी राहिली.

विश्रामरावांनी पिंजऱ्यात उभं राहून सरळ मनानं सांगितलं. होय, चित्र अपघातानंतरचं. होय, व्याह्यांनी स्वतः काढून दिलं. "असा हात सबंध ठाणे जिल्ह्यात नाही, साहेब," असंही वर जोडलं.

प्रभाकरनं वेळ मागून घेतली आणि मास्तरांना व्हरांड्यात नेलं.

"कुणी काढलं ते?"

मास्तरांनी दारातून आत, भिंतीशी उभ्या असलेल्या उत्तराकडे पाहिलं.

"उत्तरानं काढलं ना? मग तेवढंच सांगा. घरात बोललेलं खोटं कोर्ट बघत नाही. डॉक्टरांची साक्ष आपल्या बाजूनं झालीय. पण शपथेवर जर तुम्ही..."

"ते समोर बसलेत रे," मास्तर म्हणाले. "त्यांच्या देखत सांगू?"

"मास्तर, हा तुमचा हक्क आहे."

"मुलीचं लग्न तोंडावर आलंय."

आत गेल्यावर न्यायाधीशांनी मवाळपणे विचारलं, "मास्तर, हे चित्र तुम्हीच काढलंत?"

मास्तरांनी आधी विश्रामरावांकडे पाहिलं. ते मान डोलावत हसत होते. मग उत्तराकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते, ती 'सांगा' म्हणत होती. त्यांना ते स्वच्छ कळलं.

"मीच काढलं," मास्तर म्हणाले.

प्रभाकर खाली बसला. त्यानं पुढे एकही प्रश्न विचारला नाही. निकालात दवाखान्याचा खर्च तेवढा मिळाला. हात निकामी झाल्याचं म्हणणं वादीच्या स्वतःच्या जबानीपुढेच टिकत नाही, असं न्यायाधीशांनी म्हटलं. त्यांचं काय चुकलं? मास्तरांना मात्र वाटत राहिलं की आपला हात रस्त्यावर एकदा चिरडला आणि कोर्टात दुसऱ्यांदा, आणि या खेपेला तो आपण आपणहून मध्ये घातला.

लग्न थाटात झालं. कन्यादानाच्या वेळी सुमतीबाईंनी खालून त्यांच्या हाताला हात लावून धरला. बापाचा हात थरथरतोय, असं समजून बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

त्यानंतर दुसऱ्या वर्षी विश्रामरावांची साठीशांत आली. मास्तर आणि सुमतीबाई सकाळीच चरईत पोचले. ओटीवर होमाची तयारी चालली होती, आणि उत्तरा चौरंगाभोवती रांगोळी घालत होती. ठिपके, ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा, कुणाही नवशिक्या पोरीनं काढावी तशी. मास्तर बघतच राहिले.

उत्तराच्या सासूबाई सरोजताई हसून म्हणाल्या, "बघा व्याही, एवढ्या मोठ्या चित्रकाराची लेक, पण हिला साधं कमळ येत नाही. किती वेळा म्हटलं, वडिलांचं थोडं तरी उचलायचं होतंस. तर म्हणते, मला नाही हो जमत."

मास्तरांना सगळं एका क्षणात समजलं. तिनं इथं एक जरी फूल काढलं असतं, तरी ते भिंतीवरचा गणपती काढणाऱ्या हातचं आहे हे विश्रामरावांनी ओळखलं असतं. बापाची सही सांभाळायला पोरीनं लग्न झाल्यापासून कुंचल्याला हात लावला नव्हता. त्यांना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"आता तुम्हीच काढा कमळ," म्हणून सरोजताईंनी रांगोळीचा डबा त्यांच्यापुढे धरला.

"बाबांची कंबर धरलीय, त्यांना वाकता नाही येत," उत्तरा चटकन म्हणाली. पापणीसुद्धा न लववता म्हणाली. कुणाकडून शिकली, ते मास्तरांना वेगळं सांगायला नको होतं.

त्यांनी खिशातून हात काढला. डब्यात घातला. चिमूट मिटेना. रांगोळी बोटांतून ढिगानं खाली सांडली, कोटावर, पायांवर.

"माझा हात गेलाय," ते म्हणाले. "तेव्हापासूनच गेलाय. गणपती हिनं काढला. सहीसुद्धा हिनंच केली, मी करायला लावली. रविवारचा उपासही खोटा होता."

विश्रामराव सोवळं नेसून पाटावर बसले होते. ते उठून उभे राहिले.

"म्हणजे माझ्या साक्षीनं तुमची भरपाई बुडाली?"

"माझ्या बोलण्यानं बुडाली. तुम्ही खरं समजून बोललात."

"पण का? आम्ही काय मुलगी परत पाठवली असती?"

"मला तसं वाटलं."

"वाटलं," विश्रामराव म्हणाले. "विचारलंत कुठं?"

सरोजताईंनी डबा उत्तराच्या हातात दिला. ती खाली बसली, सांडलेली रांगोळी हातानं बाजूला केली आणि कमळाची पहिली पाकळी काढायला घेतली. रेघ वाकडी गेली. तिनं ती पुसली, पुन्हा काढली, ती पुन्हा वाकडी गेली. "सवय मोडली हो," ती सासूला हलक्या आवाजात म्हणाली. मास्तर तिथून निघाले आणि मागच्या अंगणात जाऊन उभे राहिले. त्यांना ते बघवलं नाही.