डीन मागे बघायला कुठे शिकला

ही गोष्ट आजवर माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. ज्या माणसाच्या बाबतीत ती घडली, त्यालाही नाही. त्याला तर सगळ्यांत कमी. तीनदा मी ती लिहायला बसलो आणि तीनदा दुसरंच काहीतरी लिहून उठलो. आजही सुरुवात दुसऱ्याच कुणापासून करतो आहे.

डीन. इंग्लंडमधल्या खालच्या डिव्हिजनच्या एका क्लबकडून तो मिडफिल्डला खेळतो. तुम्ही नाव ऐकलं नसेल. आधी युवा संघ, मग दोन वर्षांनी पहिला संघ, तोही एका सामन्याच्या शेवटच्या नऊ मिनिटांसाठी. नंतर एका लहानशा क्लबला मोसमभर उसना दिला. तिथे तो रुळला, परत आला, आता जवळजवळ प्रत्येक सामन्यात असतो. मला हे कसं माहीत? पुण्यातल्या सायबर कॅफेत बसून मी शोधत असतो. प्रिंट काढतो, घरी आणून गादीखाली ठेवतो. एका प्रिंटमध्ये तिकडच्या वार्ताहराने लिहिलं आहे — चेंडू पायाशी यायच्या आधीच पाठीमागे कोण आहे हे या मुलाला कळलेलं असतं, कुठे शिकला कोण जाणे.

मला माहीत आहे कुठे शिकला. मुसफ्फात शिकला. अबुधाबीपासून कंपनीच्या बसने पाऊण तासावर, फॅब्रिकेशन यार्डच्या मागे, पाण्याचा टँकर फिरवून घट्ट केलेल्या वाळूवर. आणि कुणाकडून, तेही माहीत आहे.

माझे बाबा त्या यार्डात फोरमन होते. त्याआधी चिंचवडच्या एका कारखान्यात होते, युनियनमध्ये होते. संप मोडला, नोकरी गेली, आणि ते आखातात आले — जिथे युनियन हा शब्दही मोठ्याने उच्चारायचा नसतो. येताना बॅगेत कपड्यांच्या खाली जुनी पत्रकं घालून आणली होती, घड्यांवर विरलेली. आमच्याकडे मराठी पुस्तकं नव्हती. शाळा इंग्रजी. मग बाबांनी मला त्या पत्रकांवर मराठी वाचायला शिकवलं. तुम्ही कमळ आणि बदक वाचत असाल तेव्हा मी बडतर्फी आणि वाटाघाटी वाचत होतो. बाराव्या वर्षी मला कामगारांची बाजू म्हणजे काय ते पाठ होतं. पाठ होतं — एवढंच म्हणतो.

शुक्रवारी सुट्टी. बाबा मला कामगारांच्या कॅम्पवर न्यायचे. इंग्रजी शाळेतलं पोर कॅम्पमध्ये आलं की त्याच्यापुढे कागद येतात. रजेचा अर्ज, बँकेला पत्र, एम्बसीला पत्र. पत्र्याच्या खोलीत खालच्या बंकवर बसून मी लिहायचो. बाबांनी एक नियम घालून दिला होता. माणूस त्याच्या भाषेत सांगेल, तू इंग्रजीत लिहायचं, मग त्याच्या भाषेत त्याला वाचून दाखवायचं, आणि मगच सही. वाचून दाखवल्याशिवाय कुणाची सही घ्यायची नाही. चिंचवडमध्ये माणसांच्या सह्या न वाचता घेतल्या गेल्या होत्या म्हणे.

या नियमाकडे मी पुन्हा येणार आहे.

वेल्डर सर्जेराव साताऱ्याकडचे. चाळिशीला आलेले, तरुणपणी कबड्डी खेळलेले, मांड्या खांबासारख्या. मला 'वकील' म्हणायचे. "या वकील, आज कुनाची केस?" मी त्यांना काका म्हणायचो. शुक्रवारी सकाळी यार्डामागे फुटबॉल व्हायचा, त्यात ते बचावाला असायचे. फुटबॉलचे नियम त्यांना निम्मेच मान्य होते. कुणीतरी हिंदीत ओरडायचं, सर्जेराव, पकडना नहीं है. ते म्हणायचे, पकडलं कुठं, नुसता हात लावला.

डीन यार्डाच्या मॅनेजरचा मुलगा. सतरा वर्षांचा. इंग्लंडमधल्या एका क्लबने त्याला चाचणीसाठी बोलावलं होतं आणि त्याच्या वडिलांचं मत पडलं की त्याने मुलांबरोबर नाही, पुरुषांबरोबर खेळायला हवं. म्हणून त्या हिवाळ्यात मॅनेजरने कॅम्पवर निरोप दिला — दर शुक्रवारी आठ वाजता टीम तयार ठेवा. सुट्टीच्या दिवशी. मॅनेजरचा निरोप म्हणजे काय, ते कॅम्पमधल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पण खरं सांगायचं तर माणसांनाही मजा यायची. डीन आठ दिवसांत अरबांचं 'यल्ला', म्हणजे चला, आणि आमचं 'चल हट' शिकला. सर्जेराव त्याला डीनराव म्हणायचे.

पहिल्या महिन्यात सर्जेरावांनी त्याच्याकडून किती वेळा चेंडू काढून घेतला असेल? पाठीमागून यायचे, आवाज न करता. एकदा खेळ थांबवून त्यांनी मला हाक मारली. या पोराला तुझ्या इंग्रजीत सांग, म्हणाले — चढाई करणारा गडी आधी पाठ बघतो, मग पुढं जातो. चेंडू येतोय तवर मान फिरव. डावीकडं एकदा, उजवीकडं एकदा. मी सांगितलं. डीनने वहीच आणली. तो किती वेळा मागे बघतो ते मी कडेला बसून मोजायचं, रेघा मारायच्या. पहिल्या शुक्रवारी अकरा. फेब्रुवारीपर्यंत साठच्या वर.

ती वही सांभाळणं हे माझं त्या हिवाळ्यातलं सगळ्यात मोठं काम होतं. आमच्या शाळेत कुणी गोरा मुलगा नव्हता. इथे एक गोरा मुलगा मला नावाने हाक मारायचा, घाम पुसत माझ्याशेजारी बसायचा, हाऊ मेनी, विचारायचा. मी आकडा सांगायचो. मला वाटायला लागलं होतं की तो इंग्लंडला पोचला तर थोडा मीही पोचेन. हसू येतं ना? मला येत नाही. काहीच येत नाही.

चाचणीला तीन आठवडे उरले होते. त्या शुक्रवारी सर्जेरावांनी त्याच्याकडून लागोपाठ तीनदा चेंडू काढला. तिसऱ्यांदा सगळे हसले. मॅनेजर रेषेवर उभा होता, तोही हसला. त्यापुढच्या वेळी सर्जेरावांनी चेंडू पुढे ढकलून दिला होता, तो बराच लांब गेला होता, आणि डीन दोन्ही पाय पुढे करून आला. सर्जेरावांच्या पायात कॅनव्हासचे बूट होते. नडगीला काही नव्हतं. आवाज फार मोठा झाला नाही. ते खाली बसले, पायाकडे बघितलं, आणि आधी शर्टची वर गेलेली बाही नीट केली. मग आडवे झाले.

पिकअपमधून त्यांना हॉस्पिटलला नेलं. डीन माझ्याकडे आला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मुद्दाम नाही केलं, असं तो दोनदा म्हणाला. मग त्याने विचारलं, "माझं नाव कुठे लिहिलं जाईल का?"

मी म्हणालो, डोन्ट वरी.

त्याने मला लिहायला सांगितलं नव्हतं. मॅनेजरने तर शब्दही काढला नाही. हे नीट ऐकून ठेवा, कारण मी अनेक वर्षं मनाशी असं घोळवत होतो की माझ्यावर दबाव होता, बाबांची नोकरी होती, मी सोळा वर्षांचा होतो. बाबांचं कॉन्ट्रॅक्ट महिन्यापूर्वीच वाढलेलं होतं. कुणी धमकावलं नाही. कुणी काही देऊ केलं नाही.

पुढच्या शुक्रवारी सर्जेराव कॅम्पच्या खोलीत होते, पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये, उशीवर. ऑफिसातून एक फॉर्म आला होता — अपघात कसा झाला, हे जखमी माणसाने इंग्रजीत लिहून द्यायचं. बाबा बाहेर कुणाशी बोलत उभे होते. काका म्हणाले, लिही वकील. आणि त्यांनी सांगितलं. सावकाश, एकेक वाक्य, माझा हात पुरा पडावा म्हणून थांबत.

मी इंग्रजीत काय लिहिलं ते मराठीत देतो. 'साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मी माझ्या मर्जीने फुटबॉल खेळत होतो. पळताना माझा तोल गेला व मी पडलो. यात अन्य कुणाचा दोष नाही.'

तीन वाक्यं. माझं अक्षर चांगलं होतं.

ते बोलले होते त्या मानाने कागदावर फार कमी ओळी दिसत होत्या. त्यांनी बघितलं असावं. म्हणाले, "इंग्रजीत थोडक्यात बसतं व्हय रं?" मी मान हलवली. मग ते म्हणाले, "वाच बघू."

आता त्या नियमाकडे येतो. मी नियम पाळला. कागद समोर धरला आणि वाचून दाखवला — त्यावर जे लिहिलं होतं ते नाही. त्यांनी सांगितलं होतं ते. त्यांचेच शब्द, त्यांच्याच क्रमाने, डोळे इंग्रजी ओळींवरून डावीकडून उजवीकडे फिरवत. मधे एका ठिकाणी अडखळलोसुद्धा, भाषांतर करताना अडखळतात तसा. ते अडखळणं मी मुद्दाम घातलं होतं.

"बराब्बर," ते म्हणाले. आणि संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, देवनागरीत, एकेक अक्षर लावून सही केली.

कंपनीने कागद वाचला. सुट्टी स्वतःची, मर्जी स्वतःची, पडले स्वतः — कंपनीचा काही संबंध नाही. सहा महिने पाय टेकता येणार नाही असा वेल्डर शिडीवर चढू शकत नाही. मॅनेजरला खरं माहीत होतं, रेषेवर तोच उभा होता. पण कागद त्याच्या बाजूने होता आणि खाली सही सर्जेरावांची होती. पाचव्या आठवड्यात व्हिसा रद्द झाला. खलास. विमानतळावर बाबा पोचवायला गेले होते. परत आल्यावर त्यांनी चहा ओतून घेतला. मग म्हणाले, सर्जेराव सांगत होता, तुमच्या पोरानं झकास लिहिलं होतं. मी कानानं ऐकलंय. कंपनीनं मानलं नाही, त्याला पोरगं काय करणार?

डीन तोवर इंग्लंडला गेला होता. निघताना त्याने मला नडगीवर बांधायचे त्याचे शिनपॅड दिले. वापरलेले, आतून काळे पडलेले. आणि वही त्याने नेली.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मी खरं लिहिलं असतं तरी डीनचं काही बिघडलं नसतं. मुसफ्फातल्या एका ऑफिसातला कागद इंग्लंडच्या क्लबपर्यंत कसा जाणार? त्याची चाचणी झालीच असती. फक्त कंपनीला सर्जेरावांचे उपचार आणि पगार द्यावा लागला असता, हलकं काम द्यावं लागलं असतं. म्हणजे मी कुणाला वाचवलं? मी एका मुलाला डोन्ट वरी म्हणालो होतो आणि ते खरं ठरवलं. बस.

इथे थांबलं असतं तरी एक वेळ—

नाही. पुढचं सांगतो. मी पुण्याला कॉलेजला आलो, लिहू लागलो, आणि दोन वर्षांपूर्वी मी एक पुस्तिका काढली. तुमच्यापैकी काहींनी ती मोर्च्यात विकत घेतली आहे, काहींनी मला त्यावरून पत्रं लिहिली आहेत. आखातातल्या कंपन्यांबद्दल आहे ती. तिच्यात सातव्या पानावर साताऱ्याचा एक वेल्डर आहे, नाव बदललेलं. 'त्याची खरी साक्ष साहेबाने केराच्या टोपलीत टाकली' — हे वाक्य लोकांना आवडलं. सभेत दोनदा वाचायला लावलं. मी वाचलं. आवाज चढवून वाचलं. साक्ष टोपलीत गेली नव्हती. ती फाइलला नीट लावलेली होती, माझ्या चांगल्या अक्षरात.

बाबा तोवर आखातातून परत आले होते; त्यांनी पुस्तिकेची एक प्रत साताऱ्याला पाठवली. सर्जेरावांच्या मुलीने त्यांना ती वाचून दाखवली. त्यांचा फोन आला. आता ते गावच्या फाट्यावर ग्रिलचं दुकान चालवतात, स्टुलावर बसून वेल्डिंग करतात, पाय जरा आखूड राहिला आहे. बाबांनी फोन माझ्या हातात दिला. तिकडून आवाज आला, "वकील, तू इसरला न्हाईस बघ." मग विचारलं, "आन आमचा डीनराव? खेळतोय का?"

मी म्हणालो, खेळतो. मागे बघून खेळतो.

ते खूश झाले. खरंच खूश झाले.

त्या शुक्रवारी पत्र्याच्या खोलीत त्यांनी जे सांगितलं आणि मी वाचून दाखवलं, ते मला शब्दन् शब्द येतं. आज पहिल्यांदा कागदावर उतरवतो.

'मॅनेजरसायबांनी आमाला दर शुक्रवारी खेळाया बोलावलं म्हून आमी खेळत हुतो. जागा कंपनीची हाय. सायेब सोता हजर हुते. चेंडू म्या म्होरं घालवला हुता. डीनरावाचं दोन्ही पाय माज्या नडगीव आलं. पोरगं वाईट न्हाई, चिडलं हुतं. त्याला बोल लावू नगा. पर कंपनीच्या खेळात पाय मोडलाय, तवा कंपनीनं बघावं. माजं म्हननं येवढंच हाय. खाली सही केली आहे.'

यातली फक्त सही त्या कागदावर होती.