भरतीच्या वेळेला जेवणाची सुट्टी

"पोलिंग बंद! एक ते दोन जेवणाची सुट्टी!" जीपमधून उतरता उतरताच आमच्या झोनल ऑफिसरांनी फर्मान काढलं. बायकांची रांग पार वडापर्यंत गेलेली. मी प्रिसायडिंग ऑफिसर, म्हणजे त्या केंद्राचा मुख्य. साहेब समोर असले की नावापुरताच!

स्वतंत्र देशाची पहिली निवडणूक. आमच्या मतदारसंघाचं एक टोक खाडीच्या चिखलात, दुसरं खडवलीपलीकडे डोंगरात. कागदावर सगळं एक. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचं चिन्ह. हव्या त्या पेटीत चिठ्ठी टाकायची, झालं.

खाडीच्या पलीकडच्या तीरावरचं गाव दुपारच्या भरतीवर होड्यांतून आलेलं. बाया ठेवणीतली लुगडी नेसून. त्यांचा बांध फुटला होता, खारं पाणी भातात शिरत होतं. आपल्या मताने कोणीतरी दिल्लीला जाईल आणि बांध होईल, एवढीच त्यांची आशा.

रांगेतल्या हिराबाई पुढे आल्या. "सायब, वोटी लागली का होरी चिखलान रुतल. पोरां घरा हान. आमाला आता आत सोरा."

मी साहेबांना म्हटलं, "पाणी उतरायच्या आत यांना घेऊ या. मी जेवत नाही."

"जोशी, वेळ वरून ठरलीय. ओहोटीसाठी बदलायची?"

"अहो, त्यांना परत जाता येणार नाही."

"मग उद्या जातील!"

साहेबांनी डबा उघडला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बाहेर बाया उन्हात उभ्याच.

सुट्टी संपायच्या आतच होडीवरच्या तांडेलाने हाक मारली, पाणी उतरायला लागलं होतं. रांग मोडली. हिराबाईंनी शाई न लागलेलं बोट माझ्यासमोर धरलं. "बग सायब, कोराच रेला." आणि त्या होडीकडे निघून गेल्या.

मी घडलेलं सगळं वर कळवलं. उत्तर आलं, मतदान शांततेत पार पडलं.

पुढे तीच माणसं बांधाची मागणी घेऊन निवडून आलेल्या पुढाऱ्याकडे गेली. मीही कचेरीच्या कामाने तिथे होतो. पुढारी हसून म्हणाला, "तुमच्या गावात मत देतंय कोण?" बांध झाला नाही. जमीन खारटली. हिराबाई मिठागरावर मजुरीला जाऊ लागल्या.

त्यानंतर इलेक्शन ड्यूटी लागली की मी ऑर्डर वाचायच्या आधी कोळीवाड्यात जाऊन भरती-ओहोटीची वेळ विचारायचो. हिराबाईंच्या शेताला त्याचा काडीचा उपयोग नव्हता.