स्टुलावरचा डबा

महाडच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करणारे एक काका जुने कॅमेरेही उघडतात. बोलण्याआधी मान हलवतात, तीही नकारार्थी. माझ्या वडिलांच्या कॅमेऱ्याचं शटर अडकलं होतं, भिंगामागच्या पोलादी पाकळ्या एकमेकींना चिकटल्या होत्या. काकांनी नुसता वास घेतला.

"शिलाई मशीनचं तेल घातलंत ना? पावसाळ्यात गंजू नये म्हणून इकडं सगळेच घालतात. ह्याला तेल चालत नाय."

तेव्हापासून दर शनिवारी मी जातो. बिरवाडीच्या भाड्याच्या खोलीत सुट्टीला मला तरी काय काम! काका दुसऱ्या स्टुलावरचा मोडक्या घड्याळांचा डबा खाली ठेवतात, मला बसवतात, चहा पाजतात आणि म्हणतात, "अजून अडकतंय. पुढच्या शनिवारी या." मी उठलो की डबा परत स्टुलावर.

काल ते समोर चहा सांगायला गेले, तेवढ्यात मी कॅमेऱ्याचं बटण दाबून पाहिलं. पाकळ्या अलगद उघडल्या, मिटल्या. पुन्हा दाबलं, पुन्हा तसंच. मी कॅमेरा होता तिथे ठेवला.

काका आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "अजून जरा अडकतंय."

"राहू दे, काका. घाई नाय."

पायरी उतरताना पाहिलं, तर डबा खालीच होता.