आमची जमीन वेगळी

समुद्राला भरती येते तशी कठीण जमिनीलाही येते. चंद्र-सूर्य तिला दिवसातून दोनदा वीतभर उचलतात, आपणही घरादारासकट वर जातो, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. माझ्या बाबांची सगळी नोकरी ती भरती मोजण्यात गेली. तळघरात सिमेंटचा कट्टा, त्यावर जमिनीची ओढ, म्हणजे गुरुत्वाकर्षण, मोजणारं नाजूक यंत्र, आणि वर आमचं राहतं घर.

लहानपणी मला उड्या मारायची बंदी होती. कपाट सरकवायचं तरी आधी विचारायला लागायचं. आत्याचे यजमान अंगाने भरभक्कम. त्यांना बाबा लांब गॅलरीत खुर्ची द्यायचे, आणि ते बिचारे समजायचे, आपला मान राखतायत.

आमच्याकडची भरती मोजणीच्या इतर ठाण्यांपेक्षा जराशी निराळी दिसायची. "आपली जमीन वेगळी आहे," बाबा म्हणायचे. त्या वेगळेपणापायी त्यांनी चालून आलेली बदली नाकारली. बदली माझ्या मावशीच्या गावाला होती. मावशी अंथरुणाला खिळलेली, आईचा जीव तिच्यात अडकलेला. बाबा म्हणाले, "मोजणी अर्धवट टाकून कसं जाऊ?" मावशी गेली. नंतर आईच शेजारणींना अभिमानाने सांगायला लागली, "आमची जमीन वेगळी आहे, बाई." मला त्या वाक्याचा राग यायचा. अजून येतो.

गेल्या वर्षी मुख्य कार्यालयातून एक बाई दुसरं यंत्र घेऊन आल्या. आवाराच्या पार टोकाला, पहारेकऱ्याच्या रिकाम्या खोलीत त्यांनी ते मांडलं. तिथेही तोच फरक दिसला की बाबांचं म्हणणं पक्कं होणार होतं. बाबा इतके खुशीत की चहात साखर दोनदा घालायचे.

काही आठवड्यांनी दोन्ही आलेख तळघरातल्या टेबलावर पसरले. मी चहा घेऊन गेले होते. टोकाच्या खोलीत फरक नव्हताच.

"तुमचं यंत्र अजून रुळलं नसेल," बाबा म्हणाले.

"चंद्राची भरती दोन्हीकडे तंतोतंत जुळतेय, सर. फक्त सूर्याची जुळत नाही." बाई अवघडून बोलत होत्या. "चंद्र रोज उशिरा येतो, सूर्य घड्याळाप्रमाणे. इथे रोज ठरल्या वेळी आणखी काही होतं का?"

बाबा हसले. "इथे मुंगीसुद्धा मला विचारून चालते."

तेवढ्यात जिन्यावरून आईने हाक मारली, "अहो, नळाला पाणी आलंय, पंप लावते हं!"

बाईंनी मान वर करून छताकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं, आणि त्यांचा चेहराच उतरला.

यंत्राच्या बरोबर वर, मोरीला लागून, आमची सिमेंटची टाकी होती, सगळ्या आवाराला पुरेल एवढी. सकाळ-संध्याकाळ भरायची, मधल्या वेळात उपसली जायची. यंत्र आलं त्याच वर्षी, मी पोटात असताना, आईला पाणी उचलायला लागू नये म्हणून बाबांनीच खटपट करून ती बांधून घेतली होती. पंपाचे हादरे नकोत म्हणून तो लांब कुंपणापाशी रबरावर बसवला. पण पाणी गपचूप बसलं तरी त्याला वजन असतं आणि ते खालच्या यंत्राला वर ओढतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. आमचा कळसा डोक्यावर होता.

टाकी रिकामी ठेवून पाहिली. आम्ही सगळे बादल्या वाहत होतो आणि खाली फरक विरून गेला.

बाबा वर आले. आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"ते टाकीतलं पाणी होतं," ते म्हणाले. "जमीन चारचौघांसारखीच आहे."

"सारखीच?"

"हो."

आई हातातल्या चादरीसकट खाली बसली. बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने काढून टाकला.

"ताई बोलवत होती मला. शेवटपर्यंत बोलवत होती. आणि मी तिला सांगत राहिले, आमची जमीन वेगळी आहे गं, सोडून येता येत नाही. तिला ते पटलं होतं हो."