बाईंचा प्रश्न, बाईंचंच उत्तर

बाई परकी भाषा शिकवायच्या आणि वर्ग तोंडच उघडत नाही म्हणून सतत कुरकुरायच्या. शिक्षकांच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं, स्वतःचा एक तास रेकॉर्ड करा आणि घरी ऐका. असले चोचले बाईंना पटत नसत. तरी त्यांनी फोन टेबलावर ठेवून तास घेतला आणि संध्याकाळी कोबी चिरताना तो लावला.

फोनमधून एकच आवाज येत होता. "काल कुठे गेला होतात? बाजारात ना? काय आणलंत? फळं आणलीत. शाब्बास!" प्रश्न बाईंचा, उत्तर बाईंचं आणि शाबासकीही बाईंचीच. त्यांचा सुरीचा हात थांबला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच प्रश्न विचारला आणि ओठ घट्ट मिटून घेतले. वर्ग ढिम्म. बाईंचा जीव कासावीस झाला, पण त्या खडू मुठीत आवळून उभ्या राहिल्या. शेवटी मागच्या बाकावरची मुलगी अडखळत म्हणाली, "मी कुठेच गेले नाही. आजी आजारी आहे."

घरी जेवायला पुन्हा कोबीच होता. "अहो, भाजी कशी झालीय?" बाईंनी विचारलं. एरवी "छान झालीय ना!" असं स्वतःच म्हणून त्या आणखी वाढायच्या. यजमान तर नातेवाइकांत मुखदुर्बळ म्हणूनच प्रसिद्ध होते. आज बाई चमचा हातात धरून थांबल्या.

यजमानांनी दचकून वर पाहिलं, घास गिळला.

"मला कोबी कधीच आवडला नाही," ते म्हणाले.