अर्धं झिजलेलं चक्र

बाबांच्या सायकलचं पुढचं दातेरी चक्र झिजलं होतं आणि चेन सारखी निसटायची. तसंच दुसरं मिळवायला मी सगळी पेठ पालथी घातली. कुठे दात जास्त भरायचे, कुठे भोकं जुळायची नाहीत. शेवटी एक मिळालं. आज सकाळी गॅलरीत जुनं चक्र काढून नव्यावर ठेवलं.

अर्ध्या चक्राचे दात जवळजवळ शाबूत होते. उरलेल्या अर्ध्याचे झिजून बाभळीच्या काट्यांसारखे झाले होते. चक्र पेडलच्या दांडीलाच पक्कं असतं, म्हणून प्रत्येक पायाच्या वाट्याला कायम तेच अर्धे दात येतात. ज्या पायाचा जोर, त्याच बाजूची झीज. ही सगळी उजव्या पायाची होती. डाव्याने कित्येक वर्षांत पेडल धड दाबलेलंच नव्हतं.

बाबा जिन्यावरून पडले तेव्हापासून डाव्या गुडघ्याचं विचारलं की म्हणायचे, "ठणठणीत आहे." आम्हालाही ते पटायचं, कारण रोज सकाळी ते सायकलवरूनच मंडईत जात होते. माणूस चेहरा सांभाळतो, आवाज सांभाळतो. लोखंडाला एवढी भीड नसते.

"बाबा, डावा पाय?" मी विचारलं.

त्यांनी जुनं चक्र हातात घेतलं आणि त्या काट्यांवरून अंगठा फिरवला.

"तो होय? तो डबलसीट येतो," ते म्हणाले. "आवळ गं लवकर, चांगली भाजी संपेल."

मी बोल्ट आवळत राहिले. नव्या चक्राचे सगळे दात अजून सारखे होते.