नायकाच्या ओसरीवरची मिठाची गोणी

हिरासिंग नायकानं फार शब्द खर्च केले नाहीत.

"भाबी, आठ दिवस देतो. कुत्रीच्या पिसवा काढ, नाई तं कुत्री काढ. नवव्या दिवशी मी लाठी घेऊन येतो."

"ये," हंसाबाई म्हणाली. "येताना तंबाखू घेऊन ये. माहा संपला आहे."

१९५९ सालचा मे महिना. पुसदपासून पायी दोन तासांवरचा, पंचवीस घरांचा बंजारा तांडा; हिरासिंग त्याचा नायक, म्हणजे प्रमुख. हंसाबाई देवीलाल राठोड तांड्याच्या शेवटच्या घरात एकटी राहायची. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. दारात चार शेळ्या होत्या आणि चितरी नावाची ठिपकेदार कुत्री. दोन वर्षांपूर्वी लांडगा कुडाला भोक पाडून आत शिरला, तेव्हा चितरीनं त्याला शेळ्यांपर्यंत पोचू दिलं नव्हतं. तिचा डावा कान त्या वेळी फाटला, तो तसाच राहिला. कुत्री गेली तर पावसाळ्यापर्यंत शेळ्या जातील आणि शेळ्या गेल्या तर आपल्याला दिराच्या घरी भाकरीला बसावं लागेल, हा हिशेब हंसाबाईला पाठ होता. दिराच्या घरी ती जाणार नव्हती.

तक्रार मात्र खरी होती. पोरांच्या पिंढऱ्यांवर लाल गांधी उठल्या होत्या. पंच ओसरीवर बसले की बोलण्याआधी खाजवायचे. दुपारच्या उन्हात चितरी नायकाच्याच ओसरीवर, भिंतीलगतच्या फळीखालच्या गारव्यात जाऊन झोपायची. तेव्हा दोष कुणाचा, यावर तांड्यात दुमत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरकारी हिवताप-फवारणीवाले वामनराव तांड्यावर आले. पुसदचे, धुतलेल्या सदऱ्यातले, स्वभावानं भले. त्यांनी पिशवीतून पांढऱ्या पावडरीचा डबा काढला.

"बाई, ही कुत्रीच्या अंगाला चोळा. एका दिवसात काम होईल."

"अन् पोटात गेली तं?"

"पोटात जाऊ द्यायची नाही. चाटू द्यायचं नाही."

"कुत्रं दिवसभर आंगच चाटते, साहेब. तिले तुमी सांगसान का?"

वामनराव हसले. हंसाबाई हसली नाही. तिनं डबा परत त्यांच्या पिशवीत ठेवला आणि पिशवीची नाडी स्वतःच्या हातानं बांधली.

ती कामाला लागली. रात्रभर भिजवलेले रिठे कुस्करून तिनं फेस काढला. निंबाचा पाला पाणी हिरवंगार होईपर्यंत उकळला आणि निवू दिला. नाल्याकाठी चितरीला दोन गुडघ्यांत धरून तिनं आधी मानेभोवती फेसाचं जाड कडं केलं. अंग आधी भिजवलं तर पिसवा पळून कानात शिरतात, हे तिला माहीत होतं. मग पाठ, पोट, शेपटीचं मूळ. लाकडी फणीत सापडलेली एकेक पिसू ती रिठ्याच्या पाण्यात झटकत गेली. शेवटी निंबाच्या पाण्यानं कुत्री धुऊन काढली. सीताफळाच्या बियांचं कूट तिनं कुत्रीला लावलं नाही, कारण ते पोटात गेलं तर अपाय आणि डोळ्यांत गेलं तर डोळे जायची भीती. ते तिनं तोंडाला फडकं बांधून आपल्या घराच्या जमिनीच्या भेगांत भरलं. चितरीचं गोणपाट चुलीत घातलं.

तिसऱ्या दिवशी कुत्री स्वच्छ होती. पाचव्या दिवशी दुपारी ती नायकाच्या ओसरीवरून परत आली, ती खाजवत.

"झालं?" नायकाची बायको भुरीबाई विहिरीवर म्हणाली. "निंबाचं पाणी प्यायल्या तुह्या पिसवा, अन् तरतरीत झाल्या."

हंसाबाईनं घागर उचलली. घरी येऊन तिनं पेटीतलं देवीलालचं पांढरं धोतर काढलं. ते घरात अंथरून ती त्यावर अनवाणी उभी राहिली आणि शंभरपर्यंत मोजलं. काही नाही. शेळ्यांच्या गोठ्यात उभी राहिली. एक पिसू. मग पंच शेतावर असताना ती नायकाच्या ओसरीवर गेली आणि फळीजवळ धोतर पसरलं. चाळीसपर्यंत मोजून होण्याआधीच धोतरावर तीळ सांडावेत तशा पिसवा उडू लागल्या.

त्या फळीवर दोन गोण्या होत्या. सुतळीच्या जाड विणीच्या, काठाला कवड्या लावलेल्या. हिरासिंगच्या आज्यानं बैलांच्या पाठीवर याच गोण्यांतून मीठ वाहिलं होतं. लदेणी, म्हणजे बैलांवरून माल वाहायचा धंदा, बंद पडली, बैल नांगराला गेले, तांडा शेतीला लागला. बाकीच्या घरांतल्या गोण्या कुजल्या, फाटल्या. या दोनच उरल्या, म्हणून नायकाच्या घरी मानानं ठेवल्या. दिवाळीला त्यांच्यापुढे दिवा लागायचा. त्यांना झाडू लागू नये म्हणून फळीखालची जमीनही कुणी झाडत नसे, सारवत नसे. पंचवीस वर्षांची धूळ तिथे तशीच होती.

नवव्या दिवशी नायकाला लाठी घेऊन लांब जावं लागलं नाही. हंसाबाईच त्याच्या ओसरीवर येऊन उभी राहिली. पंच बसलेले होते.

"कुत्री कुठी आहे?"

"माह्या घरी बांधून ठेवली, तीन दिवसांपासून. पाह्य आता."

तिनं धोतर पसरलं आणि त्यावर उभी राहिली. थोड्या वेळानं म्हातारे नानाजी पुढे वाकले, पुन्हा मागे सरकले आणि पाय वर घेऊन बसले.

"कुत्रीच्या पिसवा नोहे ह्या," हंसाबाई म्हणाली. "कुत्री इथून घेऊन जाते. गोणीच्या आहेत."

हिरासिंग उठला. "माह्या आज्याच्या गोणीत पिसवा? कोनापुढे बोलून राह्यली तू?"

"तुह्या आज्याच्या राज्यात नव्हत्या. तवा गोणीत मीठ होतं. मिठात पिसू जगते का? तू रिकामी ठेवली अन् दिवे लावत बसला."

"हात लावशील तं पाह्य!"

हंसाबाईनं दोन्ही हात लावले. गोणी जड नव्हती, पण आडवी मोठी होती. ती तिनं छातीशी धरली आणि पंचांच्या मधून ओसरी उतरली. हिरासिंगच्या हातात लाठी होती. ती उचलली गेली, खाली मात्र आली नाही. दुसरी गोणी भुरीबाईनं उचलली.

"तू कायले?" तो बायकोवर ओरडला.

"पंचवीस साल झाले, तिथं झाडू लावू देला नाई मले. रोज रात्री खाजवते कोन? मीच ना?"

चार दिवस दोन्ही गोण्या काळ्या खडकावर उन्हात पडल्या होत्या. बायांनी त्या काठीनं झोडपल्या. ओसरी निंबाच्या उकळत्या पाण्यानं धुतली, फळीखालची धूळ खरवडून जाळली आणि जमीन सारवली. मग भुरीबाईनं आपल्या घरातल्या रांजणातून खडेमीठ काढलं. दोघींनी मिळून दोन्ही गोण्यांच्या तळाशी, विणीत, शिवणीत ते भरलं आणि गोण्या होत्या तिथे ठेवल्या.

नायकानं आपला हुकूम मागे घेतला नाही. हंसाबाईनंही तो मागे घे म्हटलं नाही. दर दुपारी ती चितरीला सोडायची आणि चितरी फळीखाली जाऊन झोपायची.

पावसाळा संपल्यावर वामनराव पुन्हा आले. ओसरीवर चहा घेताना त्यांना गोणीतून ओघळलेलं मीठ दिसलं. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं.

"आमच्या आज्याची रीत आहे," हिरासिंग म्हणाला. "आमी गोणी रिकामी ठेवत नाई. पिसू फिरकत नाई तिच्यापाशी."

हंसाबाई अंगणातून शेळ्या घेऊन चालली होती. ती थांबली.

"अन् कुत्री, नायक? तिचं काय ठरलं?"

हिरासिंगनं फळीखाली पाहिलं.

"झोपली आहे," तो म्हणाला. "कायले उठवतं?"